रंगुबाईंचा केस

"माझा केस माघारी द्या," प्रयोगशाळेच्या दारातूनच रंगुबाई म्हणाल्या.

शेवगावच्या कॉलेजात फिजिक्स शिकवताना मी नाही नाही ते ऐकलंय, पण हे नवीन होतं. त्यांची लेक दिपाली खाली मान घालून उभी. केसाची जाडी मोजायच्या प्रयोगासाठी तिनं आईच्या फणीतला एक लांब केस न विचारता आणला होता. विंचरलेला केस गुंडाळून, त्यावर थुंकून टाकायचा, परक्याच्या हाती पडू द्यायचा नाही, ही त्यांच्या घरची रीत. त्यात संध्याकाळी त्यांची ऊसतोडीची टोळी कारखान्यावर निघणार होती.

"मॅडम, केसावर करनी करत्यात. आन हिलाबी घिऊन चालले टोळीत. असलं शिकन्यापरीस कोयता बरा."

माझं डोकं तापलं. चांगलं सुनावणार होते, पण दिपालीच म्हणाली, "केस घिऊन जा, आये. आदी एकदा बग."

काचेच्या दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवलेल्या. एका टोकाला टेकलेल्या, दुसऱ्या टोकाला मध्ये तो केस. म्हणजे आत हवेची बारीकशी पाचर. वरून सोडियमच्या दिव्याचा पिवळा उजेड. रंगुबाईंनी नाइलाजानं मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि तशाच राहिल्या.

"ह्या काळ्या रेघा कुनी मारल्या?"

"कुणीच नाही," मी म्हणाले. "उजेड वरच्या काचेच्या तळावरूनही परततो आणि खालच्या काचेवरूनही. ते दोन उजेड कुठं एकमेकांना बळ देतात, कुठं मिटवून टाकतात."

"उजेडात उजेड घातला, आन अंधार झाला?"

"होय." इतकी वर्षं शिकवतेय, तरी हे सांगताना माझ्या अंगावर काटा येतो. तेव्हाही आला.

दिपालीनं चिमट्यानं केस हळूच ओढला. रेघा फाकत गेल्या, रुंद झाल्या, निघून गेल्या.

"अगं, गेल्या की!" रंगुबाई दचकल्या.

"तुज्या केसानंच काच उचलून धरली हुती, आये."

केस आता त्यांच्या तळहातावर होता. त्यांनी तो उजेडाकडे धरून पाहिला. मग तो गुंडाळला, त्यावर थुंकल्या आणि पदराच्या गाठीत बांधला. पोरगी गेली हातची, मला वाटलं. मला फार वाईट वाटलं.

रंगुबाईंनी कानामागं हात नेला आणि एक केस उपटला.

"त्यो चोरलेला हुता," तो दिपालीच्या हातात देत त्या म्हणाल्या. "ह्यो मी देते. टोळीत मी एकटी जाईन. तू हितं बसून मोज."