वेलिझारकाकांचा अंगठा

"सांगून तुमच्यातल्या एकाचाही विश्वास बसणार नाही," भट्टीजवळच्या ओंडक्यावर बसत वेलिझारकाका म्हणाले, "पण माझ्या अंगातली फौज मी या कानांनी ऐकलीय!"

त्यांची पुतणी स्तानिया हिने नाकावर रुमाल धरला. अंगणात आलुबुखारांची दारू गाळली जात होती, पण तिच्या वासाला मागे सारून दुसराच वास सुटला होता. काकांच्या उजव्या अंगठ्याचा. डुक्कर कापताना त्यात हाडाची कपची शिरली होती. गावात सगळेच करतात तसं काकांनी वर भाजलेला कांदा आणि खारवलेली चरबी बांधली आणि त्यानंतर ती चिंधी सोडलीच नाही. आज स्तानियाने सोडली. हिरवट लगदा तिच्या बोटांना बुळबुळीत चिकटला. खाली अंगठा जांभळा, तकतकीत, सडून फुटायला आलेला. नखाच्या कडेने पिवळं झिरपत होतं. मांजराने खाली पडलेली चरबी चाटली आणि तिथेच ओकलं.

"शी! काका, आत्ताच चीर द्यायला हवी," स्तानिया म्हणाली. गावच्या दवाखान्यात परिचारिका होती ती; पातं उकळूनच आणलं होतं. "लाल रेघ मनगटाच्या वर चढलीय. काखेत गाठ आलीय. आज पू काढला नाही, तर शहरातले डॉक्टर अंगठाच काढतील."

"पुवाला नावं ठेवू नकोस! मेलेले शिपाई आहेत ते. तूच सांगितलंस ना?"

"सांगितलं. जंतू शिरले की रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावतात, त्यांना गिळतात आणि तिथेच मरतात. पण मढी आत कोंडून ठेवलीत, तर मागचे लढणार कुठे उभे राहून?"

"माझे बरोबर लढतात!" काकांनी उजवा हात काखेत लपवला आणि डावा नाचवला. "लष्करात होतो, तेव्हा या अंगठ्यात काटा मोडला. भर दुपारी आतून नगारे ऐकू आले! पांढरे शिपाई जंतू गिळायचे आणि ढेकर द्यायचे. त्या ढेकरांच्या वासाने आमचा सुभेदार तंबू सोडून पळाला. मग सगळ्यांनी मिळून काट्याला खांदा लावला. काटा उडाला तो थेट आचाऱ्याच्या रश्श्यात! आणि मागोमाग पू, बादलीभर."

भट्टीत लाकूड सारता सारता शेजारचा तिहोमिर थांबला. "आणि तो रस्सा रे?"

"दोनदा वाढून घेतला! दाट झाला होता."

तिहोमिरने हातातला पेला जमिनीवर ओतला. "अरे, गप रे वेलिझार! आज दारूत तो हात घातला होतास का, तेवढं सांग."

काकांनी डावा अंगठा उंच धरून नाचवला. "तर सांगायचं काय, ना सुरी, ना डॉक्टर. कातडी आपली आपण मिटली."

स्तानियाने तो नाचणारा डावा अंगठा पकडून उजेडात धरला. मधोमध सरळ, जुना वण होता आणि त्याच्या दोन्ही अंगांना बारीक ठिपके, सुरवंटाच्या पायांसारखे.

"खोटं!" ती ओरडली. "काका, हे टाके आहेत! तुमच्या शिपायांनी सुई-दोरा कुठून आणला? तिहोमिरकाका, धरा यांना. उजवा हात काढा बाहेर!"