क्षितिजाची बाबागाडी

मी बाबागाडी बोलतेय. स्वतःबद्दल सांगायला बसले आहे खरी, पण माझ्या बोलण्यात क्षितिजाच जास्त येईल, हे आधीच सांगते. अभिमान वाटावा असं माझ्या आयुष्यात जे काही घडलं, ते तिच्यामुळे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, ते आठवत नाही. खोक्यातून बाहेर आले तेव्हा वसईजवळच्या होळी गावात, प्रिस्का आंटींच्या ओट्यावर होते. त्यांची लेक परदेशातून तान्हं बाळ घेऊन आली होती. दोन महिने मी त्या बाळाला अंगणभर फिरवलं. मग बाळ परत गेलं आणि माझ्यात केळीचे घड येऊन बसले. वाडीतून ओट्यापर्यंत केळी आणायची, हेच माझं काम झालं. वाईट नाही वाटलं. केळी रडत नाहीत. पण हसतही नाहीत.

चार वर्षांनी एका रविवारी अल्पेश आणि क्षितिजा मला न्यायला आले. अल्पेश हा आंटींच्या मुलाच्या ऑफिसातला. क्षितिजाच्या खांद्यावर तीन महिन्यांची मुक्ता झोपली होती. आंटींनी मला पुसलं, चाकांना तेल घातलं आणि म्हणाल्या, "पोरी, गाडी फिरवायला असते हां. घरात ठेवलीस तर हिच्यावर कपडेच पडतील."

तसंच झालं. विरारला बोळिंजमध्ये, सातव्या मजल्यावरच्या हॉलच्या कोपऱ्यात मी उभी राहिले आणि माझ्या दांडीवर दुपटी, टॉवेल, अल्पेशचे शर्ट वाळू लागले.

त्या कोपऱ्यातून मला सगळं दिसायचं. क्षितिजा अकरा वर्षं अंधेरीच्या एका कंपनीत होती. मालाच्या गाड्यांचं नियोजन तिच्या हाती होतं, तिला विचारल्याशिवाय एक ट्रक सुटत नसे. पण मुक्ताला पाळणाघरात ठेवायला तिचं मन होईना. आई आणि सासूबाई दोघी गावाला, आपापल्या दुखण्यात अडकलेल्या. दोन वर्षं घरी राहायचं असं तिनंच ठरवलं आणि राजीनामा दिला. कुणाची जबरदस्ती नव्हती. त्यामुळे तक्रार तरी कुणाकडे करणार?

एका दुपारी पार्सलवाल्याने दारात ओटीपी विचारला. क्षितिजाने आकडे सांगितले आणि स्वतःच दचकली. आवाज पार घोगरा आला होता. सकाळी अल्पेश गेल्यापासून मोठ्या माणसाशी बोललेले ते तिचे पहिले शब्द होते. दार लावून ती माझ्याशेजारी फरशीवर बसली आणि मुक्ताचे इवलेसे तळवे गालाला लावून रडली.

त्याच संध्याकाळी अल्पेशने बूट काढता काढता विचारलं, "काय केलंस गं दिवसभर?"

त्याने सहज विचारलं होतं. माणूस वाईट नाही. पण क्षितिजा "काही नाही" म्हणाली आणि माझ्या दांडीवरच्या त्याच्याच शर्टाची घडी घालू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने माझ्यावरचे कपडे एका झटक्यात उचलून सोफ्यावर टाकले, मुक्ताला माझ्यात ठेवलं आणि लिफ्टचं बटण दाबलं.

पहिल्याच दिवशी गेटबाहेरच्या गटाराच्या झाकणात माझं पुढचं चाक अडकलं. क्षितिजा रडकुंडीला आली. वॉचमन प्रल्हादकाका खुर्ची सोडून धावत आले. "ताई, तुम्ही मागून दांडी दाबा, पुढून मी उचलतो. हां, आता सुटली बघा!" तिसऱ्या दिवसापासून ती एकटीच दांडी दाबून मला झाकणावरून पार करू लागली, आणि काका नुसते मान हलवून दाद देऊ लागले.

मग आम्ही तिघी रोज निघू लागलो. एक गंमत सांगते. क्षितिजा अकरा वर्षं या गावात राहत होती, पण उजेडात तिने ते कधी पाहिलंच नव्हतं. पहाटे निघायचं, दिवे लागल्यावर परतायचं. आमच्या टॉवरच्या मागे जुनी कौलारू घरं आहेत, अजून पाणी असलेल्या विहिरी आहेत, तळ्याकाठी सकाळी बगळे ओळीने उभे असतात, हे तिला माझ्या दांडीला धरून कळलं. "मुक्ता, बघ गं," असं ती म्हणायची. पण मुक्ता बहुतेक वेळा झोपलेली असायची आणि बघायची ती क्षितिजाच.

तळ्याच्या वळणावर इझाबेल आंटी भाजी घेऊन बसायच्या. आगाशीकडच्या स्वतःच्या वाडीतली भाजी, आणि कोपऱ्यात चार-दोन अबोलीचे गजरे. एकदा त्यांनी लांबलचक पडवळ उचललं आणि मुक्ताच्या नाकासमोर डुलवलं. मुक्ता टक लावून बघत राहिली आणि अचानक खळखळून हसली. तोंडातल्या तोंडात नव्हे, पोट हलवून! तोवर ती अशी कधीच हसली नव्हती. माझ्या सगळ्या स्क्रूंना ते हसू जाणवलं. इझाबेल आंटी हसल्या, क्षितिजाही हसू लागली, आणि तिचं हसू थांबेचना. घरात कुणी पडवळ खात नव्हतं. तरी तिने ते विकत घेतलं आणि हात वर करून घरापर्यंत झेंड्यासारखं मिरवत आणलं.

तेव्हापासून ती बदलली. वरणाला फोडणी देताना गुणगुणू लागली. मुक्ता झोपली की गॅलरीत पाय पसरून गरम चहा प्यायची आणि तो संपेपर्यंत उठायची नाही. मुक्ताने आज कोणता नवा आवाज काढला, ते वहीत लिहायची.

मुक्ता नऊ महिन्यांची झाली आणि कंपनीतल्या जुन्या मॅडमचा फोन आला. जागा रिकामी झाली होती. एक तारखेपासून ये, नाहीतर दुसरीला घ्यावं लागेल. क्षितिजाने दोन दिवस मागून घेतले. तळ्याकाठी ती बराच वेळ उभी राहिली. 

नेमका दुसऱ्याच दिवशी, रविवारी, तिला ताप भरला. मुक्ताला तर आठ वाजता बाहेर जायचंच असतं. "मी नेतो," अल्पेश म्हणाला. आम्ही निघालो. झाकणात मला अडकवून झालं, काकांनी सोडवून दिलं, आणि आम्ही तळ्याच्या वळणावर पोचलो.

"ए, थांब!" इझाबेल आंटी टोपलीमागून उठल्या आणि त्यांनी माझी दांडीच पकडली. "ही मुक्ता ना? तू कोन? हिची आई कुठंय?"

"मी हिचा बाबा."

"असं कुनीपन म्हनेल. मी तुला कधी बघितला नाय. फोन लाव तिला."

आजूबाजूची चार माणसं गोळा झाली. एक निवृत्त शिक्षिका, विनिताबाई, काठी टेकत पुढे आल्या आणि माझ्या चाकासमोर उभ्याच राहिल्या. अल्पेशने घामाघूम होत फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"आंटी, सोडा त्याला," तापाने खोल गेलेल्या आवाजात क्षितिजा म्हणाली, "माझाच नवरा आहे तो. मला ताप आलाय."

सगळे हसले. दांडी सुटली. पण आंटींनी अल्पेशला सोडलं नाही. "तिला ताप आलाय? आनि तू हवा खात फिरतोस? मागं माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. थेंबांच्या चार बाटल्या, दिवसातून चार वेळा. कुठली कधी टाकायची, मला वाचता येत नाय. हिनं कागदावर सूर्य काढला, जेवनाचं ताट काढलं, चहाचा कप काढला, रातीचा चंद्र काढला. एक थेंब चुकला नाय माझा. हे लिंबू ने. पेज करून दे."

विनिताबाई म्हणाल्या, "आणि तिला सांगा, ती सोबतीला आली नाही की माझा तळ्याभोवतीचा फेरा अर्ध्यावरच संपतो."

अल्पेशने लिंबू खिशात टाकलं आणि मला घराकडे वळवलं. गेटपाशी थांबून मुक्ताला म्हणाला, "मला तर इथे कुणी ओळखतही नाही गं."

घरी आल्यावर त्याने खरंच पेज केली. पलंगाशी बसून म्हणाला, "क्षितिजा, आज मला पकडलं होतं. बरं वाटलं मला." मग म्हणाला, "हे सगळं मला सांगितलं का नाहीस?"

"सांगण्यासारखं काय त्यात? असंच रोजचं."

मग तिने त्याला नोकरीच्या फोनबद्दल सांगितलं. तो म्हणाला, "तुला जायचं असेल तर आपण मार्ग काढू. मी बघतो काय ते."

"जायचंय मला. पण आत्ता नाही. आत्ता मला मजा येतेय रे." हे बोलताना तिचा चेहरा मी पाहिला. तापाने लाल होता, पण मान ताठ होती.

सोमवारी मॅडमना तिने स्वच्छ सांगितलं, "नाही मॅडम, सध्या मी घरी आहे. अगदी मजेत आहे."

या गोष्टीला वर्ष होत आलं. मुक्ता आता माझ्यात बसत नाही. काल ती तळ्यापर्यंतची सगळी वाट स्वतःच्या पायांनी चालली. वाटेत दर कुत्र्यापाशी थांबून, दर दगड उचलून. मी नुसती रिकामी मागे मागे. क्षितिजाला कसली घाई नव्हती.

माझ्या कापडाचा निळा रंग विटलाय, एक चाक कुरकुरतं. येत्या रविवारी मी चौथ्या मजल्यावर मीराकडे जातेय. तिचं बाळ दीड महिन्याचं आहे, आणि लिफ्टमध्ये ती कुणाशी बोलत नाही. क्षितिजा काल तिच्या दारात जाऊन म्हणाली, "सकाळी आठला खाली ये. मी असेन."

तुम्हाला एवढंच सांगायचंय. रस्त्यात बाबागाडी दिसली की तुम्ही वाकून बाळाचं नाव विचारता, ते विचाराच. पण मग सरळ उभे राहा आणि गाडी ढकलणारीचंही नाव विचारा. मला ढकलणाऱ्या इथल्या दोघींची नावं मी तुम्हाला सांगून ठेवली आहेत: क्षितिजा आणि मीरा.