आठ चाळीसची साक्ष

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी रोज चढत होतो, तेही कोणी बोलावलेलं नसताना, घरून डबा घेऊन. तिसऱ्या बाकावर खिडकीकडून दुसरी जागा माझी. पट्टेवाल्याला ते इतकं माहीत झालं होतं, की नवीन कोणी तिथे टेकलं तर तोच त्याला उठवायचा.

मला खुनांचा नाद आहे. हे मी चारचौघांत बोलत नाही, पण आता लपवून काय करायचं? पस्तीस वर्षं मी बस डेपोत टाइमकीपर होतो. काचेच्या खोलीत बसायचं आणि कुठली गाडी कधी आली, कधी सुटली ते लिहायचं. ड्रायव्हर लोक गयावया करायचे, 'साहेब, दोन मिनिटांनी काय आभाळ कोसळतंय? लिहा ना वेळेवर.' मी बापजन्मात लिहिलं नाही. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात पेपरातले खून वाचायचो. निवृत्त झालो तेव्हा कात्रणांच्या अकरा फायली भरल्या होत्या. कुठल्या खटल्यात कुठल्या साक्षीदाराला कोणत्या प्रश्नावर घाम फुटला, हे मला स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्कं पाठ. सूनबाई सकाळी डबा भरताना विचारायची, "बाबा, आज कोण मेलं?" बायको गेल्यापासून घरात माझ्या वाट्याला येणारा तेवढाच एक विनोद.

आणि गायिकेचा खटला म्हणजे सगळ्या खटल्यांचा बाप. जिचा आवाज घराघरात ऐकू यायचा ती बाई नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये गळा आवळून मारलेली सापडली. शेजाऱ्याने किंकाळी ऐकली आणि घड्याळ पाहिलं, रात्रीचे आठ पस्तीस. आरोपी तिचा ड्रायव्हर. आठवड्यापूर्वी तिने त्याला कामावरून काढलं होतं आणि घरभर त्याच्या बोटांचे ठसे होते. सहा वर्षं तिच्या पिशव्या वर नेऊन ठेवणाऱ्याचे नसतील तर कोणाचे असतील? पण पेपरांनी त्याला आधीच फासावर चढवला होता. खोटं कशाला बोलू, मीही चढवला होता.

त्याची मोठी बहीण मला बाहेरच्या व्हरांड्यात भेटली. हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत चादरी धुणारी बाई, हातांची कातडी पार पांढरी पडलेली. नवरा नाही, मूल नाही. आईच्या मागे या भावाला तिनेच वाढवला. बचावाची एकुलती एक साक्षीदार तीच होती, कारण त्या रात्री भाऊ तिच्याकडे आला होता. साक्षीदाराने आपली साक्ष होईपर्यंत कोर्टाच्या आत बसायचं नसतं, आत काय चाललंय ते ऐकायचं नसतं. नाहीतर ऐकलेलंच आठवायला लागतं. म्हणून ती बाहेरच्या बाकावर बसलेली असायची. रोज बोलवायचे आणि रोज नंबर लागायचा नाही.

हा नियम मला ठाऊक नव्हता असं नाही. बाकावरच्या नवख्या लोकांना मीच तो ऐटीत समजावून सांगत असे.

पहिल्यांदा तीच बोलली. मी जेवणाच्या सुट्टीत बाहेर आलो तर म्हणाली, "काका, तुम्ही रोज आत असता ना? त्याला बसायला देतात का हो? की दिवसभर उभा ठेवतात?"

"देतात. स्टूल आहे."

"पाठ टेकायला?"

"नाही."

"त्याची कंबर दुखते," ती म्हणाली.

एवढं सांगण्यात काय गुन्हा? दुसऱ्या दिवशी मी सांगितलं की त्याने पाणी मागितलं आणि त्याला दिलं. तिसऱ्या दिवशी सांगितलं की तो हसला, कारण सरकारी वकिलाचा चष्मा पडला. बाईचा चेहरा उजळायचा. आणि मला काय मिळत होतं? फुशारकी. बाकावरचे बाकी सगळे पेपरवाल्यांच्या तोंडाकडे बघत बसायचे, आणि माझी ओळख आरोपीच्या सख्ख्या बहिणीशी. अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालो होतो मी.

मग तो कॅमेऱ्याचा दिवस आला. बहिणीच्या घरापासून हाकेच्या अंतरावर पेट्रोल पंप आहे. त्याच्या कॅमेऱ्यात टोपी घातलेला एक माणूस बस स्टॉपकडून चालत येताना दिसत होता. वर आकडे होते, आठ चाळीस. चेहरा धूसर. बचावाच्या वकीलबाई म्हणाल्या हा आमचा अशील, सरकारी वकील म्हणाले टोप्या गावात पन्नास जण घालतात. तज्ज्ञ म्हणाला, खात्रीने सांगता येणार नाही.

पण मला सांगता येत होतं. भाऊ त्या रात्री बहिणीकडे आला होता, मग तिच्या घराजवळचा हा टोपीवाला दुसरा कोण असणार? गायिकेच्या घराकडून त्या पंपाकडे येणाऱ्या गाड्या मी स्वतः लिहिल्या होत्या. पन्नास मिनिटांच्या आत कोणीही पोचत नाही, स्वतःची गाडी उडवत आला तरी चाळीस लागतातच. आठ पस्तीसला तिथे गळा आवळणारा माणूस आठ चाळीसला इथे नसतो. पोरगं निर्दोष होतं! इतक्या वर्षांच्या फायलींमध्ये पहिल्यांदाच कुणाच्या सुटण्यासाठी माझा जीव खालीवर झाला. सुट्टी झाली तसा मी जवळजवळ पळतच व्हरांड्यात आलो.

"ताई, तो किती वाजता आला तुमच्याकडे?"

"नऊच्या सुमाराला असेल. घड्याळ बंद आहे घरातलं. पोलिसांनाही तसंच सांगितलं मी."

"नऊच्या सुमाराला म्हणजे? साडेनऊही सुमारच झाला. तो सरकारी वकील तेच म्हणणार, की खून करून आरामात पोचला."

तिचा चेहरा पडला. "मला एवढंच आठवतंय की मी कामावरून नुकती आले होते. बूटही काढले नव्हते. हा दारातच उभा. म्हणाला, ताई, चहा टाक, डोकं फुटतंय. मी तशीच बूट घालून शेगडीपाशी गेले, ते लक्षात आहे, कारण मी कधी घरात बूट..."

"बुटांचं कोण विचारतंय?" मी म्हणालो. हे शब्द माझेच. "कोर्टात मिनिट लागतं. आठ चाळीस. पंपाच्या कॅमेऱ्यात आलंय. म्हणा बघू."

"आठ चाळीस."

"आणि फाटे फोडायचे नाहीत. बूट नाही, चहा नाही. काहीही विचारलं तरी आठ चाळीस. आणि हे बघा, आपलं बोलणं झालं हे कोणाला सांगू नका. मला बाहेर काढतील."

"नाही सांगणार, काका," ती म्हणाली. नव्या कंडक्टरला थांबे पाठ करून घ्यावेत तसं मी तिच्याकडून तीन-चार वेळा म्हणून घेतलं. जाताना तिने माझा हात दोन्ही हातांत धरला होता.

चार दिवसांनी तिची साक्ष झाली. त्या दिवशी कोर्ट खच्चून भरलेलं होतं. ती पिंजऱ्यात उभी राहिली, शपथ घेतली. आधी भावाकडे पाहिलं, मग त्याच्या स्टुलाकडे. वकीलबाईंनी हळू आवाजात विचारलं, "तुमचा भाऊ आला तेव्हा तुम्ही काय करत होता?"

"आठ चाळीस वाजले होते," ती म्हणाली.

वकीलबाई म्हणाल्या, "वेळ नाही विचारली मी. तुम्ही घरात काय करत होता? आठवून सांगा, घाई नाही."

"तो आठ चाळीसला आला. नक्की आठ चाळीसलाच."

वकीलबाईंनी हातातला एक कागद परत फाइलमध्ये ठेवला. त्यांचा चेहरा उतरलेला मला तिसऱ्या बाकावरून दिसला, आणि तरी मला कळलं नाही. मला वाटलं, शाबास!

मग सरकारी वकील उठले. उठतानाच त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं. "बाई, पोलिसांना तुम्ही जबाब दिलात त्यात लिहिलंय, 'नऊच्या सुमारास, घरातलं घड्याळ बंद आहे.' बरोबर?"

"हो."

"मग आता मिनिट कसं आठवलं?"

ती भावाच्या स्टुलाकडे बघायला लागली.

"बंद घड्याळ बघून?"

लोक हसले. माझ्या शेजारचाही हसला.

"आठ चाळीस हा आकडा याच खोलीत चार दिवसांपूर्वी पहिल्यांदा उच्चारला गेला. तुम्ही तेव्हा आत होता?"

"नाही."

"मग तुम्हाला कोणी सांगितला?"

मला घाम फुटला. आयुष्यभर ज्या प्रश्नांची कात्रणं जमवली त्यातलाच हा एक, आणि उत्तर मी होतो. वाटलं, आता ती माझ्याकडे बघणार. तिने एकदा बोट दाखवलं असतं तरी चाललं असतं. मी उठून सांगितलं असतं की हो, हा मूर्खपणा माझा, बाईला खरंच जे आठवतंय ते विचारा. असं मी आज म्हणतो. तेव्हा मी गुडघ्यांवरचा डबा घट्ट धरून बसलो होतो.

"कोणी नाही," ती म्हणाली.

तिने माझ्या बाकाकडे डोळेसुद्धा वळवले नाहीत. शब्द दिला होता ना, तो पाळत होती.

"पुन्हा विचारतो. शपथेवर आहात."

"कोणीच नाही. मला माहीत होतं."

न्यायाधीशांनी काहीतरी लिहून घेतलं. भाऊ तिच्याकडे बघत होता, आणि त्याच्या नजरेत राग नव्हता, नुसतं कोडं होतं. आपली बहीण खोटं का बोलतेय, ते त्याला समजत नव्हतं.

कोर्ट उठल्यावर मी वकीलबाईंना गाठलं. जिन्याखालच्या लहानशा खोलीत त्या फायली बांधत होत्या. मी दारात उभा राहूनच सगळं ओकून टाकलं. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. माझं बोलून झाल्यावर त्यांनी एक फाइल उघडून कागद माझ्यासमोर ठेवला. हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीतलं हजेरी कार्ड. त्या रात्री बाहेर पडल्याची वेळ, आठ वाजून सहा मिनिटं. मशीनने छापलेली.

"तिथून तिचं घर अर्ध्या तासाच्या चालीवर," त्या म्हणाल्या. "म्हणजे ती आठ पस्तीस, आठ चाळीसला घरात शिरली. तिने फक्त एवढंच म्हणायचं होतं, की मी बूटही काढले नव्हते आणि हा दारात आला. जबाबात पोलिसांनी ते घेतलंच नाही. मला तिने पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. मी मुद्दाम तिला कार्डाबद्दल बोलले नाही, कॅमेऱ्याबद्दल बोलले नाही. तिच्या तोंडून बूट आले, की मी कार्ड ठेवणार होते. आपोआप वेळ निघाली असती. कोणी शिकवलं म्हणायला जागाच नव्हती."

"मग आता ठेवा ना कार्ड."

"कार्ड काय सांगतं? ती घरी गेली. तो आला, हे तिनेच सांगायचं होतं. आणि तिचं आता कोण ऐकणार?"

"मी उद्या उभा राहतो. सांगतो सगळं."

त्यांनी डोळे मिटून कपाळ चोळलं. "काय सांगाल? की साक्षीदाराला मी पढवलं? म्हणजे सरकारी वकील म्हणत होते ते खरं. आणि 'कोणी नाही' असं ती शपथेवर म्हणालीय. भाऊ आत आहेच, तिलाही खोट्या साक्षीसाठी आत घालायचं आहे का? घरी जा काका. आणि कृपा करून कोणाचं भलं करू नका."

मी तिथून निघालो. खरं सांगतो, मला हायसं वाटलं. वकिलानेच गप्प राहायला सांगितलं म्हणजे माझ्यावरचं ओझं उतरलं, असं मनाशी म्हणत मी घरापर्यंत चालत गेलो. सूनबाईने दार उघडलं आणि विचारलं, "काय बाबा, आज काय झालं?" मी म्हणालो, काही नाही.

निकाल तीन आठवड्यांनी लागला. साक्ष होऊन गेलेली असल्यामुळे बहिणीला आता आत बसता येत होतं. ती आली आणि सगळं कोर्ट सोडून माझ्याच शेजारी बसली. त्या गर्दीत तिच्या ओळखीचा दुसरा कोण होता? चांगली धुतलेली साडी नेसून आली होती. पिशवीत भावाचा एक इस्त्री केलेला शर्ट होता. सुटला तर जुन्या कपड्यांत घरी न्यायचा नाही, असं तिने मला सांगितलं.

न्यायाधीश खालच्या आवाजात वाचत होते. पानांमागून पानं. एक वाक्य मला स्पष्ट ऐकू आलं, ते असं: बचावाची साक्षीदार ही उघडउघड पढवलेली असून तिच्या कथनावर तिळमात्र विश्वास ठेवता येत नाही. मग जन्मठेप. भाऊ उभा होता, त्याने कंबरेवर हात ठेवला. पोलिसांनी त्याला बाजूच्या दाराने नेला. वळून बघायलाही वेळ मिळाला नाही.

खोली रिकामी झाली. ती बसूनच होती, म्हणून मीही बसलो. पट्टेवाला खिडक्या लावत आमच्यापर्यंत आला आणि परत गेला.

"काका," ती म्हणाली, "माझं काही चुकलं का?"

"नाही ताई."

"आठ चाळीसच म्हणाले ना मी? तुम्ही सांगितलं तसं?"

"हो. बरोबर सांगितलंत."

"तुमचं नावही घेतलं नाही मी."

"नाही घेतलंत."

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. कोर्टातलं सगळं कळणारा तिच्या ओळखीचा मी एकटाच माणूस होतो.

"मग?" तिने विचारलं.