सरळ केलेली करवत

मी एक जुनी गोल करवत आहे, धातू कापण्यासाठी घडवलेली. मित्रांनो, माझ्या दातांची धार अजून जशीच्या तशी आहे आणि याचंच मला दुःख आहे.

जपानातल्या मिकी गावात तोकुझो नावाचे लोहार लाकूड कापायच्या हातकरवती घडवत. त्यांना गिऱ्हाईक उरलं नाही, तेव्हा त्यांच्या मुलीने, चिझुरुने, माझा आराखडा काढला. सायकलची पातळ नळी अचूक कापली जावी, कापलेल्या कडेला खरबरीत कंगोरा राहू नये, हा तिचा हट्ट. तिने माझा एक दात उंच ठेवला, पुढचा ठेंगणा. उंचाने वाट करायची, ठेंगण्याने ती रुंद करायची. मग हातोडीने ठोकून माझं पोट, म्हणजे मधला भाग, किंचित सैल केलं. वेगात फिरताना माझी कड तापून पसरते. तेव्हा हे सैल पोट तिला सावरून धरतं आणि मी सरळ होते. थांबले की पुन्हा जराशी फुगीर. नळ्यांच्या कारखान्याने मला पसंत केलं तरच भट्टी चालू राहणार होती.

कारखान्यातल्या चाचणीच्या आदल्या दिवशी भट्टी फुलवणाऱ्या भात्याचा सण होता. त्या दिवशी लोहार हातोडा उचलत नाहीत. तोकुझोंच्या घरी नवं हत्यार देवापुढे मांडत. म्हणून सणाच्या आधीच त्यांनी मला उजेडाकडे धरून पाहिलं.

"फुगलीय की ही," ते पुटपुटले. "असलं ध्यान देवापुढे ठेवायचं? शेजारी हसतील."

चिझुरु बाजारात गेली होती. त्यांनी जीव लावून, हलक्या हाताने ठोकत मला आरशासारखं सपाट केलं. मला ओरडावंसं वाटत होतं.

सण झाल्यावर चिझुरुने मला तशीच कापडात गुंडाळून कारखान्यात नेलं. मी फिरले, तापले आणि माझी कड डगमगू लागली. नळी तिरकी कापली गेली. कारखान्याचे ओझाकी वाकून म्हणाले, "माफ करा, ताई. आम्ही दुसरीकडे बघतो." चिझुरुने माझ्या पोटावरून बोटं फिरवली आणि तिला सगळं कळलं.

घरी तोकुझोंनी विचारलं, "जमलं का गं?"

म्हाताऱ्या बापाला खरं सांगणं तिच्या जिवावर आलं. "पोलाद हलकं निघालं, बाबा."

"तरी सांगत होतो, बघून घे म्हणून. सरळ तर मी केली होती."

"हो, बाबा."

भट्टीला टाळं लागलं. तोकुझो मला रोज तेलाने पुसतात आणि येईल त्याला सांगतात, "पोलादच फसवं. नाहीतर बघा, किती सरळ!" चिझुरु घरी येते तेव्हा मान डोलावते, पण माझ्याकडे बघत नाही.

मित्रांनो, माझ्या पोलादात खोट नव्हती. कोणाचं काम वाकडं दिसलं, तर त्याला हात लावण्याआधी करणाऱ्याला विचारा. तोकुझोंनी लेकीला तेवढं विचारलं असतं, तर आज मी नळ्या कापत असते.