चिन्यानं दाखवलेली जागा

त्र्याहत्तरच्या दुष्काळात गोरोबाच्या कुत्र्याला, खंड्याला, खोकला लागला. मग पोट फुगलं. चार पावलं चाललं की जीभ निळी पडायची. गोरोबानं त्याला पोत्यात घालून लोहाऱ्याच्या जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं.

"काळीज थकलंय. अंगात पाणी साठतंय. गोळीनं ते लघवीवाटे निघेल, पण पूर्ण बरा नाही होणार."

"साहेब, पुढच्या पायाची एक जागा दाबली तर चालंल का? चिन्यांकडं बघितलंय म्या."

"दाबा. पण गोळी थांबवू नका."

हे ऐकून सोबत आलेली गोरोबाची बायको सारजाबाई चाट पडली. गोरोबा फौजेत खेचरं सांभाळायचा. बासष्टच्या लढाईत चिन्यांनी त्याला पकडून कैदेत ठेवलं होतं. सुटून आल्यापासून त्याबद्दल त्यानं चकार शब्द काढला नव्हता.

आता तो रोज लिंबाखाली बसायचा. खंड्याचा पुढचा पाय मांडीवर घेऊन, पंज्याच्या वर आतल्या अंगाला, दोन शिरांच्या मधे अंगठ्यानं हळूहळू दाबायचा. गोळीनं खंड्याला तहान लई लागायची. टँकर आला की सारजाबाई आपल्या घागरीतलं पाणी त्याला आधी पाजायची.

"कुणी शिकवलं वो हे?" तिनं एकदा विचारलं.

"कैद्यांच्या छावणीत एक चिनी म्हातारा होता. जनावरांना सुया टोचायचा. त्याचं कुत्रं असंच धापा टाकायचं. त्यानं माझा हात धरून जागा दावली."

"जगलं का ते?"

"न्हाय." त्याचा अंगठा थांबला. "माझ्यासंगं पकडलेला परंड्याचा बिरू बी न्हाय जगला. भिंतीपल्याड होता. थंडीनं छाती भरली त्याची. मला जाऊ दिलं न्हाय. नुसतं ऐकत बसलो."

सारजाबाई जवळ सरकली. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

त्याच आठवड्यात, सकाळच्या उन्हात, खंड्या त्याच्या मांडीवरच गेला. गोरोबानं त्याला बांधाला पुरलं आणि दुसऱ्या दिवशी परंड्याची एसटी धरली.

बिरूची आई दारात तुरी निवडत होती. गोरोबानं नाव सांगितलं, मग सगळं सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं.

"हाक मारली का रं त्यानं कुणाला?"

"तुमालाच मारत होता," गोरोबा म्हणाला, आणि तिच्या पायापाशी बसून हमसून हमसून रडला.