यादीत नसलेली सिस्टर

बाइंडरच्या टेबलावर त्या दिवशी त्याच्या स्वतःच्या मुलीचा रुग्णसेवेवरचा प्रबंध होता. पाच प्रती, उद्या दुपारी बारापर्यंत जमा करायच्या. चार शिवून झाल्या होत्या. पाचवीची पानं क्रमाने आहेत ना, एवढंच बघताना त्याची नजर त्रेसष्टाव्या पानावर अडखळली.

'भिंतीकडे तोंड करून निजलेल्या रुग्णाला आधी नावाने हाक मारावी, मगच हात लावावा, असे मला आढळले.'

हे वाक्य त्याच्या बायकोचं होतं. इस्पितळातल्या ड्यूटीवरून आली की चपला काढायच्या आधी ती वहीत काहीतरी लिहायची आणि त्याला वाचून दाखवायची. वहीला पुठ्ठा त्यानेच घातला होता. तिला जाऊन आठ महिने झाले होते. फक्त 'असे मला आढळले' हे शब्द तिचे नव्हते.

त्याने भराभर पानं उलटली. अकरा पानं तिची. शेवटी संदर्भांची यादी, बेचाळीस नावं. तिचं नाही. हातातल्या कुंच्यावरची खळ वाळली तरी त्याला कळलं नाही.

मुलगी जेवणाचा डबा घेऊन आली. त्याने पान पुढे केलं. तिने ते वाचलं.

"बाबा, घरचंच तर आहे. आईने मला दिलंच असतं."

"दिलंच असतं. मग तिने दिलं असं लिही की."

"ते कुठे छापलेलं नाही. नक्कल तपासणाऱ्या मशीनलासुद्धा काही सापडलं नाही."

"मशीनला नाही सापडलं. बाइंडरला सापडलं."

तिने डबा टेबलावर ठेवला. तो खालच्या आवाजात म्हणाला, "तीस वर्षं सगळे तिला 'सिस्टर, इकडे या' म्हणायचे. नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. आता तूही?"

मुलगी स्टुलावर बसली आणि तिने ते पान पुन्हा वाचलं. त्याने कात्री घेतली आणि चारही प्रतींचे दोरे कापले.

"बाबा, उद्या बारापर्यंत..."

"शिवायचं माझ्यावर सोड. तू लिही."

संध्याकाळी ती नवी पानं घेऊन आली. 'मला आढळले' गेलं होतं. प्रत्येक उताऱ्याखाली आईचं नाव होतं. यादीतही ते दोन मोठ्या प्राध्यापकांच्या मधे बसलं होतं, आणि पुढे लिहिलं होतं: 'परिचारिका. अप्रकाशित वही.'

बाइंडरने आधी ते नाव मोठ्याने घेतलं. मगच पानांना सुई लावली.