खिडकीतून टाकलेली पिशवी

चतुर्थीच्या दिवशी जाफराबादहून राजूरच्या गणपतीला जायचं असेल तर फलाटावर उभं राहू नये. गाडी स्टँडात वळते तिथं, चहाच्या टपरीपाशी थांबावं. वळताना ती हळू होते. तेवढ्यात उघड्या खिडकीतून टॉवेल आत टाकायचा. ज्या सीटवर टॉवेल पडला ती सीट आपली. नंतर दारात कितीही रेटारेटी होऊ द्या, आपण सगळ्यात शेवटी चढलो तरी चालतं. आमच्याकडं लोक टॉवेल उचलत नाहीत.

नुसता टॉवेल मात्र हवेत उलगडतो आणि खिडकीच्या बाहेरच पडतो. म्हणून त्याच्या टोकाला गाठ मारावी. ही युक्ती माझ्या बायकोची, पुष्पाची. प्रवासातल्या बऱ्याच गोष्टी तिच्याच. गाडी लागत असेल तर मोसंबीचं साल नाकाशी धरावं. मागच्या चाकावरची सीट घेऊ नये. सकाळी जाताना डाव्या बाजूला बसलं तर ऊन लागतं, उजवीकडं बसावं. मी हे सगळं लोकांना माझं म्हणून सांगायचो आणि ती ऐकून घ्यायची.

आम्ही दोघं निघालो की मी दोन वस्तू टाकायचो. माझा टॉवेल आणि तिची पिशवी. पिशवी जुन्या लुगड्याची, हिरवी, तिनंच शिवलेली. पिशवी मी खिडकीकडच्या सीटवर टाकायचो, कारण पुष्पाला खिडकी लागायची.

पुष्पा दिवाळीच्या आधी गेली. त्यानंतर मी राजूरला गेलो नव्हतो. या चतुर्थीला सून तृप्ती म्हणाली, "मामा, जाऊन या. घरात बसून बसून तुमचे पाय आखडून राह्यले." तृप्तीनं दशम्या, चटणी आणि दोन मोसंब्या बांधून दिल्या. बांधून दिल्या त्या हिरव्या पिशवीतच. तिच्या मनात काही नसेल. घरात तेवढी एकच बरी पिशवी आहे.

गाडी वळली. माझा हात आपोआप वर गेला. समोर आलेल्या खिडकीतून टॉवेल टाकला, मागोमाग पिशवीही टाकली. दोन्ही वस्तू बरोबर पडल्या, उजव्या बाजूला, चाकापासून लांब. मला बरं वाटलं. खरं सांगायचं तर जरा ऐटच वाटली. चढून आत गेलो, टॉवेल उचलून बसलो आणि शेजारी पाहिलं. पिशवी खिडकीला टेकून बसली होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं मी काय केलं ते.

तेव्हाच पिशवी मांडीवर घ्यायची होती. घेतली नाही.

गाडी खचाखच भरली. एक बाई दांडा धरून माझ्यापाशी उभी राहिली. पन्नाशीची असेल. एक पाय उचलून दुसऱ्यावर भार देत होती. तिच्या हातात एक्सरेचा मोठा पिवळा लिफाफा होता.

"भाई, इथं कोणी हाय का?"

"हाय," मी म्हणालो. "येऊन राह्यली."

हे तोंडातून सवयीनं गेलं. याच्यापुढचं मात्र सवयीनं गेलं नाही. ती बाई म्हणाली, "गुडघा लई दुखतो. त्या येईपर्यंत टेकू का? आल्या की लगेच उठते."

मी म्हणालो, "न्हाई, येईलच ती आता."

तिनं दांड्यावरचा हात बदलला. मी खिडकीबाहेर बघत बसलो, खरंच कोणाची वाट बघत असल्यासारखा.

गाडी सुटली. कंडक्टरबाई गर्दीतून वाट काढत आल्या. "तिकीट, तिकीट. बाबा, कुठं?"

"राजूर." सगळे बघत होते. मी म्हणालो, "आन् एक बाईचं हाफ."

"बाई कुठंय?"

"पुढच्या फाट्यावर चढणार हाय."

त्यांनी मशीनमधून दोन तिकिटं काढून दिली. खोटं बोलायला तिकीटही काढावं लागतं, हे मला माहीत नव्हतं.

समोरच्या सीटवर कल्याण नावाचा माणूस होता. एमआयडीसीत लोखंडाच्या कारखान्यात कामाला, दुपारच्या पाळीला निघालेला. हे सगळं त्यानं न विचारता सगळ्या गाडीला सांगितलं होतं. तो वळून म्हणाला, "बाबा, तुम्ही स्टँडावर चढले आन् काकू फाट्यावर? घरून भांडून निघाले का?"

गाडी हसली. मीही हसलो. ते मला सगळ्यात जास्त लागलं नंतर, की मी हसलो.

फाटा आला. दोन माणसं चढली, बाई कोणी चढली नाही. मला वाटलं, घंटी वाजेल, गाडी निघेल, लोक विसरतील. पण कंडक्टरबाईंनी घंटी मारलीच नाही. त्या ओरडल्या, "ड्रायव्हर, थांबा जरा! म्हाताऱ्या बाई यायच्या हायेत एक."

ड्रायव्हरनं गाडी बंद केली.

गाडीतली माणसं वाकून बाहेर बघायला लागली. कोणी म्हणालं, त्या लिंबाखाली बसल्या असतील. कोणी म्हणालं, रस्त्याच्या पलीकडं एक लुगडं दिसून राह्यलं, त्याच का? मागून कोणीतरी हाक मारली, "ओ मावशी, जल्दी!" ती रस्त्यापलीकडची बाई घाबरून आपल्या शेळ्या घेऊन लांब गेली. चतुर्थीची गर्दी, उशीर झालेला, तरी एकानंही म्हटलं नाही की सोडा तिला, चला. एकानं तरी म्हणायला पाहिजे होतं. मी सुटलो असतो.

"काकूनं दुसरी गाडी धरली वाटतं," कल्याण म्हणाला. "बाबा, फोन लावा ना."

"लागत न्हाई तो."

"द्या इकडं, मी लावतो. नाव काय काकूचं?"

त्यानं माझ्या हातातला फोन घेतला. मी दिला कसा, मला कळलं नाही. नाव मी सांगितलं नव्हतं, पण फोनमध्ये पुष्पाचं नाव सगळ्यात वरच होतं. त्यानं बोट टेकवलं आणि फोन कानाला लावला. "वाजून राह्यला बघा. म्हणे लागत न्हाई."

पुष्पाचा फोन आमच्या घरी देवाच्या फळीवर असतो. आम्ही तो बंद केलेला नाही. तृप्ती तो रोज चार्ज करते, का करते ते मी कधी विचारलं नाही. माझं नाव त्याच्यावर दिसलं की ती पोळ्या टाकून धावत येणार. आणि मग हा माणूस तिला म्हणणार, काकूला द्या, गाडी थांबवलीय. मग तिला ते सांगावं लागणार, अख्ख्या गाडीला, माझ्याऐवजी.

मी उठून त्याच्या कानावरून फोन ओढला आणि बंद केला.

"ती येणार न्हाई," मी म्हणालो. "ती वारली. दिवाळीच्या आधीच."

माझा आवाज मोठा निघाला. ड्रायव्हरनंही आरशातून पाहिलं.

"मंग तिकीट कामून काढलं?" मागून कोणीतरी विचारलं. त्याला दुसऱ्या कोणीतरी गप्प केलं. कल्याणनं तोंड पुढं फिरवलं आणि राजूरपर्यंत परत वळवलं नाही. त्याच्या कानाची पाळी लाल झालेली मला मागून दिसत होती. चूक माझी आणि लाज त्यालाही.

कंडक्टरबाईंनी दोनदा घंटी मारली. मग त्या उभ्या बाईला म्हणाल्या, "तुम्ही बसा तिथं. तुमचं तिकीट काढायचं राह्यलंय ना? राजूरपर्यंतचं हाफ निघालंच हाय, पुढचं मी देते."

मी उठून वाट दिली. ती आत सरकली, पिशवी उचलून तिनं मांडीवर घेतली आणि लिफाफा खिडकीला उभा केला. बराच वेळ गुडघा चोळत बसली. बसल्यावर पाय सरळ होत नव्हता तिचा. तो पाय मी जाफराबादपासून बघत आलो होतो.

"भाई," ती म्हणाली, "तुमचं दुःख हाय, मी समजते. पण मी टेकते म्हणले होते. उठते पण म्हणले होते. तेवढं तरी टेकू द्यायचं होतं."

"चुकलं माझं."

"चुकलंच बिलकुल," ती म्हणाली. मग लिफाफ्याकडं बोट दाखवून म्हणाली, "मी फरजाना. जालन्याला डॉक्टरकडं चालले. ते म्हणतात वाटी बदला. मी म्हणते, वाटी काय घरात कमी हायेत?"

मला हसू आलं नाही, पण ती ते माझ्यासाठी बोलली होती हे कळलं. मी तिला पिशवीतली मोसंबी घ्यायला सांगितलं. तिनं सोलली. अर्धी मला दिली आणि साल खिडकीबाहेर टाकायला लागली.

"टाकू नका," मी म्हणालो. "नाकाशी धरायचं असतं. गाडी लागत न्हाई."

"मला कुठं लागते?" ती म्हणाली. पण धरलं तिनं.

राजूर आलं. मी मान खाली घालून गर्दीबरोबर उतरलो, कोणाकडं बघितलं नाही. गाडी निघाली तेव्हा खिडकीतून हाक आली, "भाई, पिशवी!" मी वळेपर्यंत पिशवी बाहेर आली होती. मी दोन्ही हातांनी धरली. इतकी वर्षं मी पिशवी आत टाकत आलो. बाहेर येताना पहिल्यांदाच पाहिली.

देवळात चपला चोरीला जातात. त्यावर पुष्पाचा उपाय असा होता, की माझी एक आणि तिची एक अशी जोडी करून दोन वेगवेगळ्या कोपऱ्यांत ठेवायची. विजोड चपला कोणी नेत नाही. या वेळी मी माझ्या दोन्ही चपला पिशवीत घातल्या, दशम्यांच्या खाली कागदात गुंडाळून, आणि दर्शन घेतलं. देवाला काय सांगितलं ते इथं लिहीत नाही. बरंचसं फरजानाबाईच्या गुडघ्याबद्दल होतं.

परतीला तीच गाडी लागली होती, त्याच कंडक्टरबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी मला पाहिलं, जागा आहे अशी मानेनं खूणही केली. माझा पाय उचलला नाही. मी रस्ता ओलांडून काळीपिवळी जीप धरली.

जीपचं एक सांगून ठेवतो. चढायच्या आधी पाणी पिऊ नये, कारण भरल्याशिवाय ती हलत नाही आणि हलली की थांबत नाही. तिच्यात खिडकीतून काही टाकता येत नाही. कोणासाठी जागा धरताही येत नाही. मी मधल्या सीटवर बसलो आणि पिशवी शेजारी ठेवली. ड्रायव्हर बबलू मागं बघून म्हणाला, "बाबा, ती कोणाची हाय?"

"माझीच."

"मंग मांडीवर घ्या. माणूस बसून राह्यला तिथं."

मी पिशवी मांडीवर घेतली आणि सरकलो.